मागची बाजू

"मागची बाजू कुठंय, पंचशीला?" मलप्पा सरांनी मातीचं डोकं ठेवलेला फिरता पाट गर्रकन वळवला.

मातीच्या डोक्याला पुढून नाक, डोळे, ओठ सगळं होतं. मागं मात्र नुसता लगदा. मुखेडच्या शाळेत ती चित्रकलेत पहिली यायची, पण कागदाला पाठ नसते. नव्यानं जिल्हा झालेल्या लातुरात ती चित्रकला शिक्षिका व्हायला आली होती. दुपारी परीक्षक येणार होते. नापास झाली तर पुन्हा बापासंगं खडी फोडणं.

समोर स्टुलावर भामाबाई बसली होती. दुष्काळी कामावर माती वाहणाऱ्या या बाईला सरांनी नमुना म्हणून बसवलं होतं. डोक्यावरचा पदर तिनं गच्च धरला होता.

आईच्या वयाच्या बाईला, वर्गातल्या पोरांदेखत, पदर काढ म्हणावं कसं?

"मावशी, जरा पदर... मागून बघायचं व्हतं."

"लई वंगाळ दिसतंय गं तिथं."

"बघू द्या. न्हाईतर मी बुडाले."

भामाबाईनं खाली मान घालून पदर सोडला. टोपल्यांनी टाळूवरचे केस झिजवले होते. तळहाताएवढी चपटी, गुळगुळीत जागा उरली होती.

पंचशीलानं अंगठ्यानं माती दाबली. ती तडकली. चार दिवस टँकर नव्हता, वर्गातला माठ कोरडा होता. तडा कानापर्यंत गेला तशी ती रडकुंडीलाच आली.

भामाबाई उठली. आपल्या तांब्यातलं पाणी तिनं पोरीच्या ओंजळीत ओतलं.

"मावशी, तुमचं प्यायचं हाय ते!"

"लाव गं. मला सवय हाय."

दुपारी परीक्षकांनी पाट फिरवला आणि टाळूवर बोट ठेवलं. "हे चुकून दबलं?"

"न्हाई सर. तसंच हाय ते."

परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं.

"पास केलंय तुला," संध्याकाळी मलप्पा सर म्हणाले. "आता डोकं मोडून माती हौदात टाक. पुढच्या वर्गाला लागंल."

पंचशीलाचा हात पुढं होईना. भामाबाई मातीच्या डोक्याभोवती एक फेरी मारून मागं थांबली. आपल्या डोक्याची मागची बाजू ती पहिल्यांदाच पाहत होती.

"तू नगं मोडू. मी घरी नेते."

तिनं ते डोक्यावर घेतलं नाही. दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि उतरत्या उन्हात बाहेर पडताना त्यावर पदर घातला.