एका कुटुंबाला एकच

मी छत्तीस वर्षं बस चालवली. रस्त्यावर कोणाच्या बापाला भ्यायलो नाही. कोणी आडवा आला की खिडकीतून डोकं काढून असं सुनवायचो, की मागचे उतारू कानांवर हात ठेवायचे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात मी मूग गिळून बसलो असतो तरी बरं झालं असतं.

आमच्या घरात सवलतीच्या कूपनांचं खातं बायकोकडे. वर्तमानपत्रातली, खोक्यांवरची, सगळी कूपनं ती नखं कापायच्या छोट्या कात्रीने कापायची आणि माझ्या जुन्या चष्म्याच्या घरात ठेवायची. मी तिला कूपनराणी म्हणायचो. ती म्हणायची, "राणीच्या राज्यात जगताय ना? मग गुमान पिशवी धरा."

अडचण एकच होती. प्रत्येक कूपनाखाली बारीक अक्षरांत छापलेलं असायचं, एका कुटुंबाला एकच. त्यावर तोडगा मी काढला. दुकानाच्या दारापर्यंत आम्ही नवरा-बायको, आत गेलं की परके. ती पुढे, मग कोणीतरी एक माणूस, मग मी. दोघांच्या टोपलीत साबणाच्या पावडरीचा एकेक डबा, हातात एकेक कूपन. तिने वळून बघायचं नाही, मी छताकडे बघत राहायचं. बाहेर बसथांब्याच्या बाकावर पोचलं की आमचा संसार पुन्हा सुरू. तिथे ती हसून हसून बेजार व्हायची. "अहो, छताकडे इतकं बघू नका, लोकांना वाटेल गळतंय." सात वर्षं हे सोंग आम्ही वठवलं.

मग तो शनिवार आला. एकच काउंटर चालू होतं आणि रांग पार मागच्या भिंतीपर्यंत. तिचं कूपन यंत्र घेईना. काउंटरवरची मुलगी, ती केसांत पेन्सिल खोचून बसते ती, आकडे हाताने टाकू लागली. तरी घेईना. "तारीख आहे गं अजून, बघ ना," बायको म्हणाली. रांगेत चुकचुकणं सुरू झालं. आमच्या दोघांच्या मध्ये कडक इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस होता. हातात फक्त दाढीचा साबण, पण घाई अशी की आग विझवायला निघालाय.

"चार पैशांसाठी अख्ख्या रांगेचा वेळ खातात," तो मोठ्याने म्हणाला. "फुकटेपणा नुसता! अशांसाठी वेगळी रांगच करायला हवी." मग माझ्याकडे वळला. "काय हो काका, खरं की नाही?"

बायकोच्या कानाची पाळी लाल झालेली मला मागून दिसत होती. माझ्या हातात तसंच कूपन होतं. आता बोललो तर बिंग फुटेल, सगळ्यांसमोर चोर ठरू, एवढाच विचार मी केला. आणि म्हणालो, "खरंय."

गप्प राहता आलं असतं. पण मी "खरंय" म्हणालो.

सात वर्षांत पहिल्यांदा ती वळली. परक्या माणसाकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं. मग कूपन परत मागून घेतलं, चष्म्याच्या घरात ठेवलं, पूर्ण पैसे दिले आणि बाहेर पडली.

बाकावर ती माझी वाट बघत होती. मी सुरू केलं, "अगं, आत गेलं की परके, हा नियमच..."

"हो, नियमच होता. चला, बस येईल."

घरी ती रागावली नाही. जेवायला वाढलं, शर्टाचं तुटलेलं बटण लावून दिलं. कात्री मात्र पुन्हा हातात घेतली नाही. एकदा मी वर्तमानपत्र तिच्यापुढे सरकवलं, म्हटलं, पावडरीवर आहे बघ. "राहू द्या," म्हणाली. माफी मागायचं रोज मनात यायचं. उद्या मागू, उद्या मागू करत पाच महिने काढले. मग एका सकाळी चूळ भरताना तिच्या छातीत कळ आली, आणि डॉक्टर पोचायच्या आत सगळं संपलं.

गेल्या आठवड्यात घरातली पावडर संपली. चष्म्याचं घर उघडलं तर सगळ्यात वर तेच कूपन होतं. तारीख केव्हाच उलटली होती, तरी घेऊन गेलो.

"काका, आज एकटेच?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं. "काकू कुठायत?"

"कोण काकू?" सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं.

ती हसली. "पुरे हो आता! काकूंनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. 'ते मागे छताकडे बघतायत ना, ते आमचे हे. नियमात बसत नसेल तर एकच घे बाई.' मी मॅनेजरना विचारलं, तर ते म्हणाले, द्या दोन, म्हातारी माणसं आहेत. मग काकू म्हणाल्या, 'त्यांना मात्र सांगू नकोस. दुकान लुटल्यासारखे दिवसभर खुशीत असतात.'"

मी तिला सांगितलं, काकू आता नाहीत.

तिचा हात यंत्रावरच थांबला. मग हळूच म्हणाली, "त्या दिवशी मी त्या माणसाला झापणारच होते, काका. काकूंनी माझा हात दाबला. म्हणाल्या, 'थांब. ते बोलतील आता.'"

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. मागे कोणीतरी चुकचुकलं. मी वळलो. बसवाल्याचा आवाज अजून शाबूत होता.

"ती माझी बायको होती!" मी ओरडलो. वरातीमागून घोडं, हे मला कळत होतं, तरी पुन्हा ओरडलो. "माझी बायको होती ती!"

अख्खं दुकान थांबलं. माझ्या मागची बाई घाबरून म्हणाली, "कोण, काका?"

दाखवायला मी पुन्हा वळून पुढे हात केला. ती नेहमी माझ्या पुढेच असायची. पुढे दुकानाचं दार उघडं होतं आणि समोर बसथांब्याचा बाक दिसत होता. त्यावर कोणी नव्हतं.