रक्ततपासणीच्या खोलीतला सूक्ष्मदर्शक

मित्रांनो, रुग्णालयाच्या तळमजल्यावर, रक्त तपासायच्या खोलीत, कपाटाच्या वरच्या फळीवर काळ्या रेक्झिनच्या टोपाखाली जे काही झाकलेलं दिसतं, तो मी. एक जुना सूक्ष्मदर्शक. बोलायची वेळ क्वचित येते, म्हणून आज मन मोकळं करतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. भिंगं घासणाऱ्या कारागिराने मला एकदा डोळा लावून पाहिलं, मान डोलावली आणि खोक्यात घातलं. इथे आल्यावर मला खिडकीजवळचं टेबल मिळालं. त्याच सुमारास ताई नोकरीला लागल्या. काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब पसरायचा, वर तेलाचा ठिपका सोडायचा आणि मला डोळा लावून पाहायचं, हे त्यांचं काम. तापाचे जंतू, फिकट पडलेल्या तांबड्या पेशी, वेड्यावाकड्या आकाराच्या पांढऱ्या पेशी, सगळं आम्ही मिळून पाहिलं. एखाद्या लहान मुलाच्या रक्तात काही वाईट दिसलं, की ताई ती काच पुन्हा पहिल्यापासून बघायच्या. आपलीच चूक असावी, असं त्यांना मनापासून वाटायचं. चूक नसायची. मग त्या उठून खिडकीशी जाऊन उभ्या राहायच्या. तो मुलगा मात्र आम्हा दोघांनाही कधी दिसायचा नाही.

ताईंच्या हाताखाली शिकायला मुली यायच्या आणि शिकून पुढे जायच्या. निरोप देताना ताई त्यांच्या पाठीवर थाप मारायच्या, आणि त्या गेल्या की टेबल उगीच पुन्हा पुसायच्या. एकदा त्यांनी धीर करून मोठ्या डॉक्टरांना विचारलं, "सर, इथे माझ्या वरचं एखादं पद नाही का?"

"तुमच्या वर थेट मीच," डॉक्टर हसत म्हणाले. "माझ्या खुर्चीवर डोळा आहे की काय?"

ताईही हसल्या. दुसरं काय करणार?

पुढे पेशी मोजायचं यंत्र आलं. ते फटाफट मोजायचं. त्याला शंका आली तरच काच माझ्याकडे यायची. अशाच एका रिकाम्या दुपारी ताईंची एक जुनी विद्यार्थिनी फोनच्या स्पीकरवर बोलली. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत रक्त विभागाला प्रमुख हवी होती. "ताई, तुम्ही याच," ती म्हणाली.

ताईंनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. आईलाही तसाच फोन केला, तर आई म्हणाली, "या वयात कुठे नवा डाव मांडतेस गं? इथे सगळे तुला ओळखतात."

झाडलोट करणारे मामा खोलीत होते. ताईंनी त्यांनाही विचारलं, "मामा, मी गेले तर चालेल का इथलं?"

मामा झाडू भिंतीला टेकवून म्हणाले, "इथलं चालेल हो. तुमचं चाललंय का, ते बघा."

तरी ताईंचा पाय निघत नव्हता. त्या दिवसभर विचारात असायच्या. माझं बाजूचं चाक फिरवून भिंग जुळवायच्या आणि न बघताच सोडून द्यायच्या.

मग एक दिवस पाहुणे रुग्णालय बघायला आले. मोठ्या डॉक्टरांनी यंत्र दाखवलं, आणि मग आमच्याकडे वळून कौतुकाने म्हणाले, "या आमच्या ताई, आणि हा त्यांचा मायक्रोस्कोप. दोघंही इथलेच. कुणी उचलून नेलं तरच हलतील."

सगळे हसले. खरं सांगतो मित्रांनो, मला फार बरं वाटलं. ताईंच्या नावाशेजारी माझं नाव पहिल्यांदाच कुणी घेतलं होतं. पाहुणे गेल्यावर ताईंनी मला डोळा लावला. त्यांना नीट दिसेना. त्यांनी माझं भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं, पुन्हा पुसलं. भिंग स्वच्छच होतं. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की माझ्यासारखं म्हणवून घेणं माणसाच्या मनाला किती लागतं.

त्याच संध्याकाळी ताई वर जाऊन मोठ्या डॉक्टरांना नोकरी सोडतेय म्हणून सांगून आल्या. डॉक्टर मागोमाग खाली आले. "पगाराचं असेल तर बघू काहीतरी."

"पगाराचं नाही, सर. मला अजून शिकायचंय."

हा विचार डॉक्टरांच्या मनाला कधी शिवलाच नव्हता.

ताई गेल्या. नंतर एकदा मामांना त्यांचा फोन आला होता. मामा मोठ्याने बोलतात, त्यामुळे मला त्यांची बाजू तेवढी कळली. "काय? सुरुवातीला रडायला यायचं? आणि आता? ... हां. मग बरंय." पुढे ते म्हणाले, "तुमच्या जागेवर? कुणीच बसत नाही. मायक्रोस्कोप वर ठेवलाय."

तेव्हापासून मी इथे आहे. माझ्या भिंगांवर बुरशी धरू लागली आहे. मला कोरडं ठेवा, अधूनमधून उजेडात बसवा, एवढंच माझं मागणं. मी वस्तू आहे, ठेवाल तिथे राहीन. पण मित्रांनो, कुणी वर्षानुवर्षं एका जागी मुकाट्याने राबताना दिसलं, तर त्यांना तिथेच राहायचंय असं धरून चालू नका. जवळ जाऊन विचारा. आणि ते जायचं म्हणाले, तर त्यांची पिशवी उचलून दारापर्यंत सोबत जा.