पौर्णिमेची सुनावणी

मी शेवंती, माहुलची. चेंबूरच्या बाजारात मासळी विकते आणि माझं तोंड फटकळ आहे, हे सगळ्या बाजाराला ठाऊक आहे. तरी त्या साहेबाशी मी आधी नीटच बोलले होते, देवाशपथ!

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. एका कंपनीला आमच्या खाडीच्या तोंडाशी जेट्टी बांधायची होती. नेमका तिथेच आमच्या बापाने रोवलेला खुंट. त्याला जाळं बांधायचं, पाण्याच्या ओढीने मासळी आत शिरते. त्या एका खुंटावर माझा धाकटा भाऊ धाकू, त्याची बायको, चार पोरं आणि मी, एवढे जेवतो. सरकारी खात्याने नोटीस चिकटवली, की हरकत असेल त्याने सुनावणीला यावं, नाही आला तर हरकत नाही असं धरू. तारीख बघितली आणि माझं डोकंच फिरलं. पौर्णिमा!

पौर्णिमेला उधाण, म्हणजे आमचं कमाईचं पाणी. सगळ्या होड्या बाहेर. अष्टमीला पाणी मंद असतं, पुरुष घरी असतात, तेव्हा ठेवा, म्हणून मी खात्यात जाऊन हात जोडले. साहेब म्हणाला, "बाई, सरकार तिथीवर चालत नाही."

मी धाकूला म्हटलं, "एक दिवस होडी काढू नकोस."

"उगाच घाबरतेस, बाय. होड्या लागल्याशिवाय पंच कधी बसलेत का?"

आमच्याकडे तशीच रीत आहे. शेवटची होडी किनाऱ्याला लागेपर्यंत पंच तोंड उघडत नाहीत, कितीही उशीर होवो. या येड्याला वाटलं, सरकारही थांबेल. त्यालाच काय, सगळ्यांनाच वाटलं. पहाटे गेले सगळे.

अकरा वाजता शाळेच्या हॉलमध्ये आम्ही अठ्ठावीस बायका. साहेबाने मान वर न करताच विचारलं, "परवाना कुणाच्या नावावर?"

"भावाच्या. तो दर्यात आहे. संध्याकाळी येईल, तेवढं थांबा."

"मग तुम्हाला बोलता येणार नाही."

"का नाही येणार?" माझा आवाज चढला. "मासळी निवडायची मी, सुकवायची मी, उन्हातान्हात विकायची मी, आणि बोलायचं तेवढं नाही? माणसं दर्यात गेलीत म्हणून दर्या त्यांचा नाही? लाज वाटत नाही तुम्हाला?"

बाजूचा कारकून हसला. मेल्याचं थोबाड अजून डोळ्यांपुढे आहे. साहेबाने लिहिलं आणि वाचून दाखवलं, "एकही परवानाधारक मच्छीमार हजर नाही. हरकत आली नाही." वीस मिनिटांत आटोपलं. मी जीपचं दार धरून ठेवलं, तर हवालदाराने माझी बोटं एकेक करून सोडवली.

संध्याकाळी होड्या लागल्या. दिवसभर साठवलेल्या शिव्या धाकूला घालायच्या म्हणून मी दारातच उभी होते. तो माझ्याकडे न बघता आत गेला, अंघोळ केली, लग्नातला पांढरा सदरा घातला, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला परवाना खिशात ठेवला. हातात पिशवी.

"चल बाय, लवकर. बिचारे सकाळपासून ताटकळले असतील. त्यांच्यासाठी ताजे बोंबील घेतलेत."

मी पिशवी हिसकावली आणि चिखलात भिरकावली.

"मेल्या," मी म्हटलं, "ते अकरा वीसलाच गेले."