कूलरात बसवलेली सिस्टीम

त्या वर्षी ढाणकीत ऊन असं पडलं होतं, की दुपारी भिंतीला चिकटलेली सावली संध्याकाळी उलथन्यानं सोडवावी लागायची. कापसाचा भाव त्याहून वाईट पडला होता. लग्नं होत होती, पण पत्रिकांवरचे गणपती, बुद्ध आणि सेवालाल महाराज, सगळेच एकरंगी झाले होते.

अशा दिवसांत विजयमालाबाईंनी बसस्टँडमागच्या आपल्या पत्रिकांच्या दुकानासाठी नवी ऑपरेटिंग सिस्टीम आणली. कॉम्प्युटर नव्हे, कॉम्प्युटर ज्याच्या जिवावर चालतो ते, एका चकतीत मावणारं. नागपूरला जाऊन, पूर्ण किंमत मोजून, पक्की पावती घेऊन आणली. तिच्यावर मराठी अक्षर असं उमटायचं, की पत्रिकेत स्वतःचं नाव वाचून नवरीचा बाप दोन बोटं उंच व्हायचा. ज्यांना खोटं वाटतं त्यांनी त्या वर्षीचे बाप मोजून बघावेत.

सिस्टीम बनवणाऱ्या कंपनीचं स्वतःचं मशीन मात्र बैलजोडीच्या किमतीचं. बाईंनी मग मशीन घरीच बांधलं. आतला बोर्ड पुसदहून आणला, पडदा बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसातला, आणि सगळं बसवलं तीन फुटी लोखंडी कूलरात. पाणी तेवढं घालायचं नाही, एवढंच पथ्य. त्याचा पंखा असा जबर होता, की शेजारचा पानवाला देवीलाल आपली विड्याची पानं कूलरासमोर आणून ठेवायचा आणि बाई त्याच्याकडून रोज एक विडा फुकट घ्यायच्या.

एवढ्यावर थांबलं असतं तर गोष्टच झाली नसती. पण सिस्टीमच्या डब्यात एक कार्ड निघालं. ग्राहकाने नाव, पत्ता आणि मशीनचा प्रकार लिहून पाठवावा. बाईंचे वडील हेडमास्तर. त्यांच्या घरी फॉर्मातली जागा कोरी ठेवणं म्हणजे पाप. बाईंनी वळणदार अक्षरात लिहिलं: 'मशीन : कूलर, तीन फुटी, लोखंडी. उत्तम चालते.' आणि टाकलं पोस्टात.

कंपनीत म्हणे आठ दिवस सगळे हसत होते. नवव्या दिवशी कोणीतरी नियम वाचला.

बाजाराच्या दिवशी दुकानासमोर पांढरी गाडी थांबली. इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस उतरला. कंपनीचा नागपूरचा प्रतिनिधी, नाव इंद्रजित. आत येऊन तो आधी कूलराकडे बघत राहिला, मग पडद्याकडे, मग परत कूलराकडे.

"हे खरंच चालतं?"

"बसा ना. हवा घ्या," बाई म्हणाल्या.

तो बसला नाही. बॅगेतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. "ताई, ही सिस्टीम फक्त आमच्याच मशीनवर चालवायची, अशी अट आहे. तुम्ही ती आज काढून टाकायची आणि या माफीनाम्यावर सही करायची. मग कंपनी पुढे काही करणार नाही."

बाईंनी मनात हिशेब केला. सिस्टीम काढली म्हणजे लग्नसराईतल्या अकरा लग्नांच्या पत्रिका गेल्या, आणि पत्रिका गेल्या म्हणजे दुकानाला कुलूप. पण आवाज त्यांनी खाली येऊ दिला नाही.

"मी चोरली काय?"

"नाही, नाही. तुमची पावती आहे, आम्हाला माहीत आहे."

"मग माफी कायची?"

"ताई, तुम्ही सिस्टीम विकत घेतलीच नाही. तुम्ही फक्त वापरायची परवानगी घेतली."

बाईंनी खण उघडून पावती काढली आणि त्याच्या नाकासमोर धरली. "वाचा. विक्री लिवलं हाये. खाली व्हॅट लावला हाये. परवानगीवर व्हॅट घेतेत काय तुमच्या नागपुरात?"

दारात तोवर माणसं जमली होती. पत्रिका न्यायला आलेली रुखमाबाई म्हणाली, "मी भगुणं घेतलं त त्यात फक्त दुकानदाराच्याच शेतातली तुरीची दाय शिजवू काय वं?"

"तसं नाही, मावशी," इंद्रजित म्हणाला. "आमचं मशीन आणि सिस्टीम एकमेकांसाठीच बनवलीत. दुसरीकडे बिघडली तर नाव कंपनीचं जातं."

"बिघडली त मी तुमाले आवाज देणार नाही," बाई म्हणाल्या. "हे लिहून देतो. माफी लिहून देत नाही."

तेवढ्यात गर्दीतून धावजी नाईक आत आले. बैलबाजारातले जुने दलाल. त्यांच्याबद्दल सांगतात, की बैलाच्या शेपटीला हात लावून ते त्याच्या आजोबाचा खोडसाळपणा ओळखायचे. मुलाच्या पत्रिकेसाठी आले होते, पण सौदा अडलेला दिसला की त्यांचे पाय आपोआप तिकडे वळायचे.

"सायेब, यक सांगा," त्यांनी विचारलं. "जनावर इकलं का तुमी दावं सोडून घेता का नाही?"

"कसलं दावं?"

नाईकांनी अशा नजरेनं पाहिलं, जशी बिनदाताच्या बैलाकडे पाहायचे. "बैल इकला का मालक आपलं दावं सोडून घेते. घेणारा आपलं नवं दावं बांधते. मंग तो बैल वखराले जुंपो, गाडीले जुंपो, नाही त अंगणात बसवून त्याची पूजा करो. जुन्या मालकाचं दावं गळ्यात राह्यलं त सौदा झालाच नाही. पैसे परत. हे माह्या आजापासून चालून राह्यलं."

"बाबा, हा बैलाचा व्यवहार नाही."

"मंग माल घेऊन पैसे देतेत, त्याले तुमच्यात काय म्हणतेत?"

माणसं हसली. विजयमालाबाई हसल्या नाहीत. त्यांनी डब्यातून अटींचं बारीक अक्षरांचं पुस्तक काढलं आणि माफीनाम्यावर ठेवलं.

"हे तुमचं दावं. न्या सोडून. नाही नेत, त पैसे मोजा आन् चकती घेऊन जा. दोनातलं यक."

पैसे परत द्यायचा अधिकार इंद्रजितला नव्हता. पुस्तक परत घ्यायचाही नव्हता. त्याला फक्त सही आणायला पाठवलं होतं.

"कोर्टात जाईल हे," तो म्हणाला. "कंपनी मोठी आहे, ताई. तुम्ही हराल."

"हरीन. पण उमरखेडच्या कोर्टात, जजसमोर हरीन. इथं माह्याच दुकानात, माह्याच खुर्चीवर बसून कायले हरू?"

असं म्हणून त्या वळल्या आणि माफीनाम्याला उत्तर टाइप करायला लागल्या. दुसरी ओळ होते न होते तोच लाइन गेली. पंखा थांबला. पडदा काळा झाला. भारनियमन! त्या काळी ते तीन तासांचं असायचं, आणि ढाणकीत तर मधमाश्यासुद्धा त्याचं वेळापत्रक बघून पोळ्याबाहेर पडायच्या.

इंद्रजितचा चेहरा उजळला. "मग मी निघतो. तुमचं उत्तर नाही, असं लिहितो."

"थांबा," बाई म्हणाल्या. वहीचा कागद फाडला आणि हातानं लिहायला बसल्या. तेच वळणदार अक्षर. प्रत्येक शब्दाला वेळ लागत होता, पण दारातलं एकही माणूस हललं नाही. लिहून झाल्यावर त्यांनी कागद सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला:

"सिस्टीम मी विकत घेतली. माझ्या मशीनवर चालते. चालवत राहीन. सही फक्त याच कागदावर करत आहे."

सही केली. शेजारी रुखमाबाईनं अंगठा दिला, कोणी मागितला नव्हता तरी. धावजी नाईकांनी साक्षीदार म्हणून नाव लिहिलं, आणि देवीलालनं बोटांवरचा विड्याचा चुना पुसून आपलंही.

इंद्रजितनं कागद दोनदा वाचला, घडी करून बॅगेत ठेवला. आपला माफीनामा मात्र टेबलावरच राहू दिला. गाडीत बसताना तो हळूच म्हणाला, "ताई, माझ्या जागी कुणी दुसरा येईल."

"येऊ द्या," विजयमालाबाई म्हणाल्या. "त्याले सांगजा, दुकान सकाळी नवाले उघडते."

मग माफीनाम्याच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीनं रेघा आखून त्यांनी धावजी नाईकांना विचारलं, "हं, बोला. नवरदेवाचं पूर्ण नाव काय?"