बियांची गोवरी

"बिया धुऊन राखेत घोळजो, अन् गोवरीवर चिकटवून वाळवजो. धुतल्याचं पाणी नालीत टाकू नोको, झाडाले घालजो." सासूबाईंचं हे सांगणं त्या गेल्यावरही माझ्या कानात राहिलं.

त्या वर्षी बाभुळगावात घरोघर अजून कंदीलच होते. तांड्यावरच्या मानीबाईंची टमाटरांची झाडं बकरीनं फस्त केली. वाचलेलं एकच पिकलं फळ त्या माझ्याकडे घेऊन आल्या.

"आमच्या घरी बियाणं उंदरं ठेवत नाहीत, वच्छलाबाई. रोपं झाले का मले देजो."

आम्ही तुळशीपाशी उभ्या होतो. मी तिच्या साक्षीनं शब्द दिला. मग सगळं सासूबाईंनी सांगितलं तसं केलं आणि बिया लावलेली गोवरी ओट्यावर ठेवली.

श्रावणात तुळशीची पूजा होईस्तोवर माझं मौन असे. एका सकाळी पूजेला बसणार, तर आमचे हे, पुंडलिकराव, तीच गोवरी मोडून आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत सारत होते. मी दोन्ही हात हलवले.

"पाणी अजून कडक पायजे?" म्हणत यांनी उरलेला तुकडाही सारला.

मी हात जोडले.

"हात कायले जोडून राह्यली? नवऱ्यानं पाणी तापवलं, त्यात काय एवढं."

त्या दिवशी तुळशीच्या प्रदक्षिणा मी जवळजवळ पळतच घातल्या. तोंड उघडलं तेव्हा पाणी उकळत होतं.

"त्या गोवरीवर मानीबाईंचं बियाणं होतं."

यांनी जरा विचार केला. "मंग आधी सांगायचं ना."

पुढं मानीबाई रस्त्यावरून विचारायच्या, "उगवले का, बाई?" सकाळी मौन कामी यायचं. संध्याकाळी मात्र मला माजघरात पुष्कळ काम निघायचं.

काही दिवसांनी तुळशीच्या बुडाशी कोवळे कोंब दिसले. "तुळशीले लेकी झाल्या," म्हणून हे रोज त्यांना हळदकुंकू वाहू लागले. पानं मोठी झाली तसं यांनीच एक चुरगाळून हुंगलं.

"ह्या लेकीले त भाजीचा वास हाय."

बिया धुतल्याचं पाणी मी तुळशीलाच घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी एकादशी. त्या दिवशी आणि द्वादशीला तुळशीला हात लावायचा नसतो. एकादशी सरली, द्वादशीही सरली. त्रयोदशीला उजाडताच मी तुळशीची क्षमा मागितली, ओल्या मातीसकट रोपं काढून पळसाच्या पानावर ठेवली. उन्हात ती माना टाकतील, म्हणून पूजा परत आल्यावर करायची ठरवली; तोवर मौनच.

"एवढ्या सकाळी कुठं?" यांनी विचारलं.

मी पान पुढं धरलं. या खेपेला यांना बरोबर कळलं. दारातून बाजूला झाले. पदराची सावली रोपांवर धरून मी तांड्याची वाट धरली.