पायरीचा रंग

मित्रांनो, मी एक जुनं शेडकार्ड आहे. रंगाच्या दुकानात गिऱ्हाइकापुढे उलगडतात ना, ते जाडजूड, तेलकट बोटांनी मळलेलं पुस्तक, तेच मी. माझ्या पानापानावर रंगांचे चौकोन चिकटवलेले आहेत. ते छापलेले नाहीत. खरा रंग कागदावर चढवून, वाळवून, कापून बसवलेला आहे. म्हणून बोट फिरवलं की चकचकीत कोणता आणि खरबरीत कोणता, ते कळतं.

उल्हासनगरच्या मुकेशशेठच्या दुकानात मी आलो तेव्हा माझा मोठा थाट होता. माणसं मला दारात उजेडात नेऊन बघायची. नवराबायको माझ्यावरून भांडायचे आणि माझ्यावरूनच हसायचे. मग मोबाइल आले. पडद्यावर बोट टेकवलं की अख्खं घर रंगून दिसू लागलं. मी काउंटरखाली पुट्टीच्या डब्यांमागे गेलो. टर्पेंटाइन सांडून माझा एक कोपरा विरघळला, तरी कोणी पुसलं नाही.

अशा वेळी नेत्रा दुकानात आली. बदलापूरजवळ खरवईला तिचं घर बांधायला काढलं होतं.

"शेठ, मोबाइलवर सगळंच गोड दिसतं," ती म्हणाली. "हातात धरून बघायला काही आहे का?"

मुकेशशेठनं मला झटकून बाहेर काढलं. "भाभी, पुराना है, पण रंग सच्चा आहे. घेऊन जा. काम झालं की आणून दे."

त्या घरात माणसं तीन. नेत्राचा नवरा भूपेश आनंदनगरच्या एका कंपनीत मशीनवर होता. त्याची आई सगुणाबाई. ज्या जमिनीवर घर उभं राहत होतं, तिथं तिनं आयुष्यभर काकडी, दुधी, वांगी लावली होती. जुनं छोटं घर पाडून तिघं जवळच भाड्याच्या खोलीत राहत होती आणि वास्तुशांतीचा दिवस ठरला होता.

नेत्राला काही ठरवता येत नव्हतं. सकाळी आवडलेला रंग दुपारी तिला आजारी वाटायचा. मला ती उन्हात न्यायची, सावलीत न्यायची, बल्बखाली धरायची. भूपेशचं मात्र पक्कं होतं. अंबरनाथला मित्राच्या फ्लॅटमध्ये त्यानं पाहिलं होतं तसंच त्याला हवं होतं.

"लादी पांढरी, जिना पांढरा, भिंती पांढऱ्या. सगळं चकाचक. आत आलं की डोळे दिपले पाहिजेत."

नेत्रानं मला सगुणाबाईच्या हातात दिलं. "आई, तुम्ही सांगा."

सगुणाबाईनं मला उलटं धरलं. तोंड अगदी जवळ आणलं, मान इकडून तिकडं फिरवली आणि म्हणाली, "बराय. तुम्हाला आवडला तं मना आवडला."

तेवढ्यात लादीवाल्याचा फोन आला आणि नेत्राचं लक्ष उडालं. मी उलटा आहे हे एकट्या मलाच ठाऊक. मला वाचा नाही. त्या दिवसापासून माझ्या जिवाला स्वस्थता राहिली नाही.

जिन्याला पांढरी गुळगुळीत लादी बसली. ती बघायला सासू-सून गेल्या. सगुणाबाई भिंत धरून वर गच्चीवर गेली. उतरताना मात्र पहिल्याच पायरीशी थबकली. खालपर्यंत सगळ्या पायऱ्या मिळून तिला एकच पांढरी घसरण दिसत असणार. तिनं पाय पुढे टाकला, मागे घेतला. आजूबाजूला कोणी नाही असं वाटल्यावर ती खाली बसली आणि लहान मूल उतरतं तशी बसल्या बसल्या सरकत एकेक पायरी उतरू लागली.

खाली स्वयंपाकघराच्या दारात नेत्रा उभी होती. मी तिच्या हातात होतो. तिची बोटं माझ्या पुठ्ठ्यात रुतली.

"आई! कधीपासून?"

सगुणाबाई दचकली. मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, "लय दिवस झाले. कडेचा कायच नाय दिसत."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलली असती तं तुम्ही मना एका जागी बसवला असता. 'आई, उठू नको, आई, पडशील.' मना बसायचा नाय गो. माझ्याच जागेवर मना पाव्हणी नाय व्हायचा."

डोळ्यांच्या दवाखान्यात काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली मात्र रोज थेंब टाकून सांभाळता येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरात पायरीची कड आणि दाराची चौकट उठून दिसेल असं काही करा, हेही सांगितलं.

भूपेशनं डोकं धरलं. "आईला दिसत नाही आणि मला कळलं नाही," असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. पण जिन्याचा विषय निघाला तसा चिडला.

"बसवलेली लादी कापू? पांढऱ्या जिन्याला पट्टे मारू? घर आहे का कंपनी?"

"कंपनीत तुमच्या पायासाठी पिवळे पट्टे मारलेले चालतात," नेत्रा म्हणाली, "मग घरात आईच्या पायासाठी का नाही?"

तो अर्ध्या ताटावरून उठला.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर त्यानं बूटही काढले नाहीत. "आज कंपनीत पट्ट्यावर पाय टाकताना खाली बघितलं," एवढंच बोलला. मला उचललं आणि आईचा हात धरून नव्या घरी गेला. तिला पायऱ्यांवर उजेडात उभं केलं. स्वतः खालच्या पायरीवर बसून तो मला लादीच्या कडेला लावून एकेक पान उलटू लागला.

"हा?"

"नाय."

"हा निळा?"

"नाय रं."

माझी फिकट पानं संपली. मधली संपली. एकही रंग तिला दिसला नाही तर? शेवटचं गडद पान त्यानं वळवलं आणि सगुणाबाई ओरडली, "थांब! हा करवंदाचा काला. हितं पायरी संपते."

आणि तिनं नेमका तिथंच पाय ठेवला. भूपेशनं मान खाली घातली. माझ्या पानावर पाण्याचा एक थेंब पडला, त्याचा डाग अजून आहे.

कडा कापून त्याच रंगाच्या खरबरीत पट्ट्या बसवल्या. चौकटींनाही तोच रंग दिला. वास्तुशांतीला पाहुण्यांनी घर भरलं. एक बाई जिन्याकडे बघून म्हणाली, "एवढ्या पांढऱ्यात हे काळे पट्टे कशाला हो?"

भूपेश गडबडला. "सध्या तशी फॅशन..." असं काहीतरी पुटपुटू लागला. तेवढ्यात सगुणाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मना दिसत नाय, म्हून."

आणि गच्चीवर बसलेल्यांसाठी प्रसादाचं ताट घेऊन, भिंतीला हात न लावता, ती जिना चढून गेली.

मित्रांनो, मी आता पुन्हा मुकेशशेठच्या काउंटरवर आहे. पण मन थाऱ्यावर नाही. खरवईपासून वांगणीपर्यंत रोज नवी घरं उठतात आणि समोरचं प्रत्येक गिऱ्हाईक पांढरंच मागतं. त्यांतल्या कितीजणांच्या घरी कोणी कुणाला न दिसता बसून जिना उतरत असेल? तुमचं घर रंगेल तेव्हा घरातल्या प्रत्येकाला उजेडात न्या, रंग हातात द्या आणि विचारा. उत्तर यायला वेळ लागला, तर थांबा.