लेकीच्या हातची कणीक

माझी सुहैर अकरा वर्षांची झाली तरी तिला धड कणीक मळता येत नव्हती, आणि हे मी अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. पुस्तकातून डोकं वर काढेल तर ना!

त्या वर्षी शहराचा ताबा घेऊन बसलेल्या इस्रायली लष्करानं आमच्या नाबलुसमधल्या शाळांना कुलपं ठोकली. घरात चार पोरं जमवून शिकवणंसुद्धा गुन्हा ठरला. तरी शाळेतल्या रौदाबाई अबू निम्रच्या रोट्यांच्या भट्टीमागे, पिठाच्या कोठीत वर्ग घ्यायच्या. रोट्या भाजायला पोरं पराती घेऊन भट्टीवर जातातच, संशय कोणाला येणार? गणिताचं पुस्तक मात्र सगळ्यांत मिळून एकच होतं. ते रोज एकेका घरून कणकेत दडून जायचं. सापडलं तर बाईंना तुरुंग ठरलेला.

त्या दिवशी पाळी आमची. कणीक जास्त फुगली तर पुस्तक चांगलं झाकलं जाईल, म्हणून मी घाबरून दुप्पट खमीर घातलं. वीस वर्षं रोट्या करून ही अक्कल! पुस्तक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून गोळ्यात खुपसलं, वर फडकं टाकलं आणि परात सुहैरच्या डोक्यावर दिली.

मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले, तर खाली गल्लीच्या तोंडाशी सैनिकांनी तिला भिंतीशी उभं केलेलं. कोणीतरी दगड मारला होता म्हणे. परात जमिनीवर, वर भर दुपारचं ऊन. अर्धा तास गेला. फडकं हळूहळू वर उचललं जाऊ लागलं. मग कणीक परातीच्या काठावरून ओघळली, आणि एका भेगेतून प्लॅस्टिकचा निळा कोपरा मला वरून दिसला. खाली धावले असते तर त्यांना संशय आलाच असता.

एक सैनिक वाकला. "हे काय आहे? वाढतं कसं?"

सुहैर मटकन खाली बसली आणि तिनं फडकं स्वतःच ओढून काढलं. "उतू चाललीय ना! आत्ता मळली नाही तर आंबेल, आणि आई मला सोलून काढेल. तुम्ही ओळखत नाही माझ्या आईला."

तिनं दोन्ही मुठी कणकेत हाणल्या. निळा कोपरा आत गेला. सैनिकानं बोट पुढं केलं.

"हात धुतलेत का?" ती त्याच्यावर डाफरली. "माणसांनी खायचंय हे!"

त्याचे सोबती फिदीफिदी हसले. त्यानं हात मागं घेतला आणि ती मळत राहिली. त्यांनी सोडेपर्यंत, जवळजवळ तासभर. कणीक फुगून पुस्तक वर येऊ लागलं की पुन्हा ठोसा, पुन्हा घडी. मला वरून तिची वेणी आणि खांदेच दिसत होते. हात भरून आले असतील, पण पोरगी थांबली नाही. मी तिथंच ओल्या चादरीत तोंड खुपसून रडले, आणि सांगायला लाज कसली, भीतीपेक्षा अभिमानानंच जास्त.

त्या दिवशी अपूर्णांकांचा धडा झाला. पुस्तक काढून अबू निम्रनं तीच कणीक भाजली.

संध्याकाळी शेजारीण उम्म फारिस आली. तिनं रोटी तोडायला घेतली, तर तुटेना. "अगं बाई, ही रोटी की चपलेचा तळवा? मळली कोणी?"

सुहैरनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. एरवी मीच आधी सुरू झाले असते.

"माझ्या लेकीनं," मी म्हणाले. "आणि एक तुकडा जरी ताटात टाकलास ना, तर माझ्याशी गाठ आहे."

उम्म फारिसनं मुकाट्यानं अख्खी रोटी संपवली. मी दोन खाल्ल्या.